बाल-न्यूरॉलॉजी करून डाउन सिंड्रोमवर काम : कुणी केलंय का?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी,

बालरोगातलं पदव्युत्तर शिक्षण संपत आलंय. पुढे काय करायचं याचं उत्तर माझ्याशिवाय सगळ्यांकडे तयार आहे. बाल-न्यूरॉलॉजी करायची, एवढं माझं ठरलंय. त्यातही 'एपिलेप्सी (अपस्मार, फिट्स) घे, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) वाचायला शीक, काम कधी कमी पडणार नाही' असं जो तो सांगतो. माझा ओढा मात्र न्यूरोडेव्हलपमेंटल, म्हणजे मेंदूच्या विकासाच्या बाजूकडे आहे, आणि नेमकं सांगायचं तर डाउन सिंड्रोमकडे.

डाउन सिंड्रोम असलेलं मूल वॉर्डात आलं की राउंडला त्याच्या हृदयावर भरपूर चर्चा होते, थायरॉईड विचारला जातो, रक्ताचे रिपोर्ट उलटसुलट करून पाहिले जातात. मेंदूची पाळी आली की 'विकास उशिराच होणार' म्हणून सगळे पुढच्या खाटेकडे. परवा एक मूल होतं, चौदा महिन्यांचं, अजून मान धरत नव्हतं. तेही याच खात्यात जमा. मला ते पटलं नाही, पण का पटलं नाही हे सांगण्याइतकं ज्ञानही नव्हतं.

वरिष्ठांना विचारलं तर म्हणाले, "एक अख्खं गुणसूत्र, २१वं, जास्तीचं आहे, ते तू काढणार आहेस का? मग तिथे न्यूरॉलॉजिस्टचं काम काय? थेरपिस्टकडे पाठवायचं, झालं." बोलण्यात खोच नव्हती, पण तेव्हापासून डोक्यात भुंगा सोडल्यासारखं झालंय.

संशोधनाबद्दल वाचायला घेतलं तर आणखी पंचाईत. उंदरात औषध चाललं, माणसात नाही. मग दुसरं औषध, पुन्हा तेच. या कामात कुणी हयात घालवली असेल तर सांगा: रोजचा दिवस कसा जातो? संशोधनासाठी प्रयोगशाळेत शिरावं लागतं की ओपीडीत बसूनही करता येतं? आणि काही वर्षांनी मन मरून जातं का? खोटा धीर नको, खरं सांगा.

---

जुना हातोडा

रात्रपाळी, मी याच कामात केस पांढरे केले, आणि आता उरलेले गळतायत. वयाने बराच मोठा आहे म्हणून अगं-तुगं करतो, राग मानू नकोस.

आधी तुझ्या वरिष्ठांचं. गुणसूत्र काढता येत नाही हे खरंच आहे. पण आमच्या शाखेत काढता काय येतं? जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडून मेंदूला झालेली इजा काढता येते का? मूळ कारणाला हात लावता येत नाही म्हणून काम नाही, असं म्हणायचं तर निम्मी न्यूरॉलॉजी बंद करावी लागेल. डाउन सिंड्रोममध्ये न्यूरॉलॉजिस्टचं पहिलं काम म्हणजे 'हे डाउनमुळेच' या पांघरुणाखाली काय काय दडलंय ते शोधणं. हे बोलायला सोपं आहे, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

तुझं चौदा महिन्यांचं मूल घे. डाउन सिंड्रोम असलेली मुलं सरासरी अकराव्या महिन्याच्या आसपास बसतात आणि दोन वर्षांच्या आसपास चालतात. मागेपुढे बरंच होतं, काही मुलं चालायला चार वर्षं घेतात. पण चौदाव्या महिन्यात मानच धरत नसेल तर ते डाउनच्या हिशोबातही बसत नाही. तिथे थांबून विचारायचं: झटके येतात का? ऐकू येतं का? थायरॉईड शेवटचा कधी बघितला? हृदयाची शस्त्रक्रिया झाली असेल तर त्यानंतर काही बदललं का? मानेच्या मणक्यांचं काय? डाउनमध्ये विकासाचा वेग कमी असतो, पण मूल पुढे सरकत असतं. सरकणं थांबलं किंवा उलटं फिरलं की ते डाउनच्या खात्यावर टाकायचं नाही. हे एवढं एक डोक्यात पक्कं बसलं तरी तू राउंडवरच्या बऱ्याच जणांच्या पुढे जाशील.

आता झटक्यांचं. सहा-आठ महिन्यांचं बाळ असतं. आई म्हणते, दचकतं. आजी म्हणते, पोटात कळ येते. मोबाइलवरचा व्हिडिओ बघावा तर बाळ नुकतं झोपेतून उठलेलं, मान पटकन खाली जाते, दोन्ही हात बाहेर फेकल्यासारखे होतात, क्षणभर ताठ, मग सैल. काही सेकंदांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. एकामागोमाग माळच लागते, आणि शेवटी बाळ रडतं. दचकणं असं रांगेने येत नाही. हे इन्फंटाइल स्पॅझम्स, तान्ह्या वयातला अपस्माराचा एक प्रकार. ईईजीत हिप्सअॅरिदमिया, म्हणजे उंच, अस्ताव्यस्त लहरींचा गोंधळ, दिसला की शंकेला जागा नाही. डाउन सिंड्रोम असलेल्यांपैकी साधारण ५ ते १३ टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी अपस्मार होतो. त्यातला एक गठ्ठा पहिल्या वर्षात येतो, आणि त्यात स्पॅझम्स भरपूर. गंमत म्हणजे (गंमत कसली, पण असो) या मुलांचे स्पॅझम्स इतर अनेक कारणांच्या मानाने एसीटीएच हे संप्रेरक, स्टेरॉइड किंवा व्हिगाबॅट्रिन हे अपस्मारावरचं औषध यांना चांगली दाद देतात. अट एकच, उपचार लवकर सुरू व्हायला हवेत. आणि उशीर नेमका याच मुलांत होतो, कारण बाळ हसेनासं झालं, बघेनासं झालं, तरी घरचे आणि डॉक्टर दोघंही म्हणतात की डाउन आहे ना. व्हिडिओ मागण्याची सवय लावून घे. माझ्या ओपीडीत स्टेथोस्कोपपेक्षा आईबापांचे फोन जास्त कामाला आले.

दुसरं टोक किशोरवयाचं. एकोणीस वर्षांची मुलगी समोर आली होती. त्याआधी काही महिन्यांपर्यंत स्वतःची अंघोळ स्वतः करायची, भावाशी भांडायची, गाणी लावून नाचायची. मग काही आठवड्यांत बोलणं बंद, झोप उडाली, वजन उतरलं. ओपीडीत आईने चमच्याने काहीतरी भरवायला घेतलं, तर मुलीने चमचा हातात घेतला, तोंडापर्यंत नेला आणि तसाच धरून ठेवला. हात हवेत, नजर समोर. आई म्हणाली, "हे असंच चालतं, एक घास संपायला तास जातो." आधीच्या ठिकाणी वयात आल्याचा ताण म्हणून सांगितलेलं होतं. खरं तर हा कॅटाटोनिया, हालचाल आणि बोलणं गोठून जाण्याची अवस्था. थायरॉईड, बी-१२, झोप, कान-डोळे, नैराश्य, मान हे सगळं तपासून झाल्यावर लोराझेपाम हे शामक औषध दिलं. अर्ध्याएक तासाने तिने चमचा खाली ठेवला आणि भाऊ कुठे आहे म्हणून विचारलं.

याला आता डाउन सिंड्रोम रिग्रेशन डिसऑर्डर म्हणतात. साधारण १० ते ३० या वयात, आठवड्या-महिन्यांत माणूस आपलं कमावलेलं गमावतो. निदानाचे निकष तज्ज्ञांनी एकत्र बसून ठरवले ते २०२२ मध्ये, म्हणजे अगदी काल-परवा. लॉस एंजेलिसच्या जोनाथन सँटोरो या बाल-न्यूरॉलॉजिस्टने त्यात मोठं काम केलं. काही रुग्णांत मेंदूभोवतीच्या द्रवात, एमआरआयमध्ये किंवा ईईजीत दोष सापडतात, काही जण आयव्हीआयजीला (शिरेतून दिलेल्या अँटीबॉडींना) प्रतिसाद देतात, म्हणून रोगप्रतिकारशक्तीचा हात असावा असा संशय बळावला. लोराझेपामने सगळेच सुधारतात असं नाही, त्या मुलीलाही पुढे बरंच काही लागलं. पण तुझ्या वरिष्ठांना सांग, न्यूरॉलॉजिस्टचं काम हे.

संशोधनाचं विचारलंस. तिथे तुला एक जुनी गोष्ट माहीत असायलाच हवी. १९६७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लेख आला की डाउन सिंड्रोम असलेल्या तान्ह्या बाळांना ५-हायड्रॉक्सीट्रिप्टोफॅन दिलं तर त्यांचा स्नायूंचा ढिलेपणा कमी होतो. रक्तात सेरोटोनिन हे रसायन कमी सापडत होतं आणि ते शरीरात या औषधापासूनच बनतं, त्यामुळे तर्कही बिनतोड. जीभ आत गेली, हातपाय ताठरले, सगळे हरखून गेले. पुढे त्याच कामात असलेल्या मेरी कोलमन या बाल-न्यूरॉलॉजिस्टनेच १९७१ मध्ये छापून सांगितलं की हे औषध घेणाऱ्या काही बाळांना इन्फंटाइल स्पॅझम्स सुरू झाले. नंतरच्या दुहेरी-अंध चाचण्यांत (खरं औषध कुणाला मिळतंय हे ना घरच्यांना माहीत, ना डॉक्टरांना) विकासावर फायदा काहीच दिसला नाही. मला यातलं कोलमनबाईंचं पाऊल मोठं वाटतं. आपल्याच औषधाचा वाईट परिणाम आपणच जगाला सांगणं हे या शाखेतल्या संशोधकाचं रोजचं काम आहे, कारण आपले रुग्ण स्वतः येऊन 'डॉक्टर, मला वेगळं वाटतंय' असं क्वचित सांगतात.

मग जीवनसत्त्वांचे ढीग झाले, बुद्धी वाढवतं म्हणून दिलं जाणारं पिरासिटाम झालं. २००१ च्या पिरासिटामच्या चाचणीत बुद्धीत फरक शून्य, आणि काही मुलं चिडखोर, आक्रमक झाली. पालक आजही इंटरनेटवर वाचून हे विचारत येतात. त्यांना हिडीसफिडीस करू नकोस, चाचणीत काय झालं ते साध्या शब्दांत सांग. माझा अनुभव असा की नीट सांगितलं तर लोक ऐकतात.

आणि आता अशी गोष्ट, जी मला शिकताना कुणी सांगितली नव्हती. बाल-न्यूरॉलॉजिस्ट म्हणून डाउनमध्ये शिरशील आणि म्हातारपणाच्या आजारावर बाहेर पडशील. १९४८ मध्येच जॉर्ज जर्विसने डाउन सिंड्रोम असलेल्या प्रौढांतला स्मृतिभ्रंश नोंदवला होता. १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी अल्झायमरच्या मेंदूतलं आणि डाउनच्या मेंदूतलं अमायलॉइड हे साठत जाणारं प्रथिन एकच असल्याचं दाखवलं, आणि या प्रथिनाचं जनुक २१व्या गुणसूत्रावर असणार असं भाकीत केलं. १९८७ मध्ये ते जनुक, एपीपी, तिथेच सापडलं. डाउनमध्ये २१व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, म्हणजे आयुष्यभर जास्तीचं अमायलॉइड, त्यामुळे चाळिशीपर्यंत जवळजवळ सगळ्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा असतात. यावर शिक्कामोर्तब करणारा रुग्ण १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला: डाउन सिंड्रोम असलेली ७८ वर्षांची बाई, स्मृतिभ्रंश नाही, मेंदूत अल्झायमर नाही. तपासलं तर तिच्या २१व्या गुणसूत्राचा फक्त काही भाग तिप्पट होता, आणि एपीपी त्या भागाच्या बाहेर. एका बाईने अख्ख्या सिद्धांताची परीक्षा घेतली.

कॅलिफोर्नियातल्या अरविनचे आयरा लॉट हे असेच बाल-न्यूरॉलॉजिस्ट, मुलांपासून सुरुवात करून या स्मृतिभ्रंशापर्यंत गेलेले. त्यांच्या गटाने स्मृतिभ्रंश झालेल्या ५३ जणांना दोन वर्षं अँटिऑक्सिडंट किंवा प्लसीबो (औषध नसलेली गोळी) देऊन पाहिलं, २०११ मध्ये निकाल छापला: सुरक्षित, पण उपयोग नाही. पुढच्या वर्षी अल्झायमरवरच्या मेमँटिन या औषधाच्या चाचणीचंही तेच. चाळिशी ओलांडलेले १७३ जण, फायदा नाही. म्हणून विचारतेस ना, मन मरतं का? निकाल नकारार्थी आला म्हणून माझं कधी मेलं नाही. नाही म्हणणारा चांगला अभ्यास हजारो घरांचा पैसा आणि आशा वाचवतो. मन मरतं ते एका पानाच्या फॉर्मपायी मूल चार महिने थेरपीविना बसतं तेव्हा. त्याची तयारी ठेव.

---

पाठराखीण

मी डॉक्टर नाही. माझा भाऊ पन्नाशीत आहे, डाउन सिंड्रोम असलेला. आई-वडील गेल्यापासून तो माझ्याकडे असतो. हातोडा सरांचं शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही.

तो जन्मला तेव्हा डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं की फार वर्षांची आशा धरू नका. आता अशा माणसांचं सरासरी आयुष्य साठीच्या आसपास गेलंय म्हणतात. चांगलंच झालं, पण डॉक्टरांची व्यवस्था काही त्याच्याबरोबर वाढली नाही. अठरा वर्षं मुलांच्या डॉक्टरांनी जिवापाड बघितलं, मग एक दिवस फाइल हातात दिली आणि 'आता मोठ्यांच्या डॉक्टरकडे' म्हणाले. मोठ्यांचे डॉक्टर त्याच्याकडे न बघता माझ्याशी बोलायचे. एकाने तर त्याच्यासमोरच विचारलं, "याला किती कळतं?" भावाने त्यावर स्वतःच उत्तर दिलं, "सगळं." माझी हसून पुरेवाट झाली.

पुढे एक डॉक्टर भेटल्या, मूळच्या मुलांच्या न्यूरॉलॉजिस्ट, पण प्रौढांनाही बघायच्या. त्यांनी भाऊ पस्तिशीत असताना, काहीही झालेलं नसताना, आम्हाला एक काम सांगितलं: तो रोज जे करतो त्याचे व्हिडिओ काढून ठेवा. अंथरूण कसं घालतो, कपड्यांच्या घड्या कशा करतो, फोन लावताना नंबर कसा शोधतो, बुटाची नाडी. आणि दरवर्षी तेच पुन्हा. मला तेव्हा ते उगीचच वाटलं होतं. अलीकडे त्याने घडी घालताना बाहीपाशी अडून माझ्याकडे बघायला सुरुवात केली, तेव्हा जुने व्हिडिओ लावून डॉक्टरांना फरक दाखवता आला. त्यांनी समजावलं की स्मृतिभ्रंशाच्या नेहमीच्या चाचण्या त्याच्या उपयोगाच्या नाहीत, तारीख-वार तो आधीही सांगत नव्हता. त्याची तुलना त्याच्याशीच करायला हवी. आणि थेट अल्झायमर म्हणून मोकळ्या नाही झाल्या. आधी कान बघितले, थायरॉईड बघितला, झोपेची तपासणी केली.

झोपेचं तर पुराणच आहे. भाऊ लहानपणापासून बसून, पुढे वाकून, डोकं गादीवर टेकवून झोपायचा. आम्हाला वाटायचं त्याचं सर्कशीचं अंग आहे, पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचो. तपासणीत कळलं, आडवं झालं की त्याचा श्वास अडकतो, म्हणून त्याने स्वतःच ही युक्ती शोधलेली. झोपेत श्वासाला मदत करणारं मशीन लावल्यावर दिवसाची चिडचिड अर्ध्यावर आली.

रात्रपाळी, तुम्ही या कामात आलात तर दोन गोष्टी करा. माझ्या भावासारख्याला अठराव्या वर्षी सोडून देऊ नका. आणि बोलताना त्याच्याकडे बघून बोला. उत्तर यायला वेळ लागतो, पण येतं.

---

उंदीरमामा

प्रयोगशाळेच्या बाजूने कुणी बोलतच नाही म्हणून मी येतो. नावावरून कळलंच असेल, मी उंदरांवर काम करतो.

'उंदरात चाललं, माणसात नाही' हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले आहेत. खरं आहे, पण अर्धवट. डाउनसाठी सगळ्यात जास्त वापरलेला उंदीर म्हणजे टीएस६५डीएन, अमेरिकेच्या जॅक्सन लॅबोरेटरीत म्युरिअल डेव्हिसन यांनी १९९०च्या सुमारास तयार केलेला. माणसाच्या २१व्या गुणसूत्रावरची जनुकं उंदरात एका जागी नसतात, १६, १७ आणि १० अशा तीन गुणसूत्रांवर विखुरलेली असतात. टीएस६५डीएनमध्ये १६व्याचा तुकडा तिप्पट आहे, पण त्याच्याबरोबर १७व्याची काही अशी जनुकंही तिप्पट झाली आहेत ज्यांचा डाउनशी संबंध नाही. म्हणजे आम्ही वर्षानुवर्षं औषध देत होतो ते काही अंशी भलत्याच आजाराला. शिवाय प्रयोगातले उंदीर जवळजवळ जुळ्या भावंडांइतके सारखे, आणि माणसं किती वेगवेगळी. आता नवे, जास्त नेमके उंदीर आहेत, रुग्णांच्या पेशींपासून केलेल्या मज्जापेशी आहेत. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या गटाने एक्सआयएसटी हे जनुक (एरवी स्त्रियांच्या पेशींतलं एक एक्स गुणसूत्र बंद ठेवणारं) वापरून बशीतल्या पेशींमधलं जास्तीचं २१वं गुणसूत्र गप्प करून दाखवलं. तुमच्या वरिष्ठांना हे नक्की ऐकवा. (बशीतल्या पेशी आणि जिवंत मूल यांत किती अंतर आहे हे मला माहीत आहे, चिडू नका.)

हातोडा सरांनी रोगप्रतिकारशक्तीचा उल्लेख केला, तोही आमच्याकडून आलेला धागा आहे. इंटरफेरॉन म्हणजे विषाणू आला की शरीराला सावध करणारी प्रथिनं; त्यांच्या सहापैकी चार रिसेप्टरांची जनुकं २१व्यावर आहेत. कोलोरॅडोच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं की डाउन असलेल्यांच्या पेशींत इंटरफेरॉनची यंत्रणा सतत चालू राहते. थायरॉईड, सीलिअॅक (गव्हातल्या प्रथिनामुळे आतड्याला होणारा आजार), केस गळणं, हे सगळे स्व-प्रतिकाराचे आजार या लोकांत जास्त का, याचं एक धडपणे तपासता येईल असं उत्तर त्यातून मिळालं. इंटरफेरॉनचा निरोप पेशीत पुढे नेणाऱ्या जेएके या प्रथिनांना रोखणाऱ्या औषधांच्या चाचण्या त्यावरूनच सुरू झाल्या.

पण एक कबूल करतो. आमचं घोडं जिथे पेंड खातं, ती जागा प्रयोगशाळेत नाहीच. रॉश कंपनीचं बास्मिसॅनिल हे औषध घ्या. उंदरात गॅबाचा (मेंदूला लगाम घालणाऱ्या रसायनाचा) दाब कमी केला की स्मरणशक्ती सुधारते, हे अनेक प्रयोगशाळांनी दाखवलेलं. माणसातली चाचणी २०१६ मध्ये अपयशी ठरली. औषध निकामी होतं? की उशिरा दिलं? की मोजपट्टीच चुकीची होती? बुद्धिमापनाच्या नेहमीच्या चाचणीत आपले बरेच रुग्ण तळालाच असतात, त्यामुळे थोडी सुधारणा झाली तरी आकडा हलत नाही. ही मोजपट्टी प्रयोगशाळेत बनत नाही. ती असा माणूस बनवतो ज्याने ओपीडीत शेकडो मुलं बघितली आहेत आणि ज्याला संख्याशास्त्रही येतं. असे लोक फार थोडे आहेत. तेव्हा रात्रपाळी, पिपेट धरायला शिका किंवा नका शिकू, संख्याशास्त्र मात्र शिका. आणि वर्ष-दोन वर्षं एखाद्या प्रयोगशाळेत काढा, निदान आम्ही सुंदर आलेख दाखवला की कोणता प्रश्न विचारायचा ते कळेल.

---

जुना हातोडा

मामा, उंदरांबद्दल इतकं प्रांजळपणे बोलणारा माणूस बऱ्याच दिवसांनी भेटला. मोजपट्टीचं शंभर टक्के मान्य. पाठराखीणताईंनी जे कपड्यांच्या घडीचे व्हिडिओ सांगितले, चांगली मोजपट्टी तिथूनच निघते.

---

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. ताई, तुमच्या भावाचं "सगळं" वाचून मीही हसले. त्या चौदा महिन्यांच्या बाळाबद्दल आज पुन्हा आईशी बोलले. दचकण्याबद्दल विचारलं तर आईने स्वतःहून फोन काढला. व्हिडिओ बघितल्यावर मी थेट ईईजीची चिठ्ठी लिहिली. उद्या सकाळी आहे.

सर, दोन प्रश्न उरलेत. प्रशिक्षण कुठलं घ्यावं? आणि आयुष्यभर प्रौढांनाही बघायचं, तर ते शिकायचं कुठे? बालरोगात तर स्मृतिभ्रंशाचा स सुद्धा नाही.

---

जुना हातोडा

आधी बाळाचं. ईईजी जागेपणी आणि झोपेत दोन्ही हवा, झोपेतून उठतानाचा तर हवाच. नुसता जागेपणीचा 'नॉर्मल' आला तर त्यावर विसंबू नकोस. आणि रिपोर्टची वाट बघत कागद टेबलावर राहू देऊ नकोस, स्वतः जाऊन वाचणाऱ्याच्या शेजारी बस. स्पॅझम्समध्ये आठवडेसुद्धा मोजून घ्यायचे असतात.

प्रशिक्षणाचं. 'न्यूरोडेव्हलपमेंटल डिसॅबिलिटीज' ही वेगळी उपशाखा अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या अखेरीस मान्य झाली. बालरोगाची दोन वर्षं धरून सहा वर्षांचं प्रशिक्षण असतं, त्यात न्यूरॉलॉजी, विकास, पुनर्वसन, जनुकशास्त्र, मानसोपचार असं सगळं येतं. सगळीकडे अशी पाटी सापडत नाही. नाही सापडली तर साधी बाल-न्यूरॉलॉजी कर आणि बाकीचं स्वतः जोडून घे. एपिलेप्सीला नाकं मुरडू नकोस, ईईजी वाचता आलाच पाहिजे. तो का यायला हवा, ते उद्या सकाळीच कळेल. विकास बघणाऱ्या बालरोगतज्ज्ञांबरोबर काम कर, थेरपिस्टच्या खोलीत कोपऱ्यात बसून अख्खी सत्रं बघ. जिभेचा, ओठांचा व्यायाम कसा घेतात, खाऊ घालताना मुलाला कसं बसवतात, हे पुस्तकात वाचून डोक्यात जात नाही.

प्रौढांचं. मेमरी क्लिनिकमध्ये काही महिने काढ. तिथले लोक डाउन असलेला रुग्ण आला की गडबडतात, तू त्यांना मूल कसं तपासायचं ते शिकव आणि त्यांच्याकडून म्हातारा कसा तपासायचा ते शिक, सौदा चांगला आहे. तिथे एक गोष्ट आवर्जून शोध: मायोक्लोनस, म्हणजे स्नायूंना अचानक बसणारे बारीक झटके. पन्नाशीत सकाळच्या वेळी हाताला बारीक झटके येऊन कप सांडायला लागला तर ती स्मृतिभ्रंशाबरोबर येणारी अपस्माराची सुरुवात असू शकते. घरचे त्याला धांदरटपणा म्हणतात. पाठराखीणताई, तुम्हाला घाबरवायला सांगत नाही, पण असं दिसलं तर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. यावर औषधं आहेत, आणि काही औषधांनी हे झटके वाढतातही, म्हणून कोणतं द्यायचं ते न्यूरॉलॉजिस्टनेच ठरवलेलं बरं.

आणि हो, मान. चालताना तोल जायला लागला, लघवीवरचा ताबा सुटला, हातातली पकड गेली, तर पहिल्या दोन मणक्यांमधला ढिलेपणा आधी बघायचा, मग बाकी सगळं. लक्षणं नसताना सरसकट एक्स-रे काढण्याची गरज नाही, पण प्रत्येक भेटीत रिफ्लेक्स तपासायचे. माझं इथलं नाव त्यावरूनच आहे.

अल्झायमरच्या नव्या अँटीबॉडी-औषधांबद्दल लोक तुला विचारणार. ज्या मोठ्या चाचण्यांवर त्यांना मान्यता मिळाली त्यांत डाउन असलेली माणसं नव्हती. या लोकांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांमध्येही अमायलॉइड भरपूर साठतं, त्यामुळे रक्तस्रावाची धास्ती जास्त. यांच्यासाठी वेगळ्या चाचण्या व्हायला हव्यात, आणि होऊ लागल्या आहेत. त्या चालवायला तुझ्या पिढीचे लोक लागणार आहेत. ज्यांच्या मेंदूत अमायलॉइड कधी साठायला लागणार हे जवळपास वयावरून सांगता येतं, असा दुसरा मोठा गट जगात नाही. तरी त्यांनाच रांगेत शेवटी उभं केलं, याचा मला अजून राग येतो.

उद्याचा ईईजी काय म्हणतो ते इथे लिही. हिप्सअॅरिदमिया निघाला तर उपचाराच्या आधी रक्तदाब, साखर आणि संसर्ग बघून घे. आणि त्याच्या हृदयाचं काय आहे ते स्टेरॉइडच्या आधी कार्डिओलॉजीला विचार.